जे पडलं नाही त्याचाही नकाशा हवा: भूकंपानंतर दरडींची जोखीम कशी ठरवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगराळ भागात मोठा भूकंप होऊन गेला आहे. धक्क्याआधीची आणि नंतरची उपग्रहचित्रं हाताशी आहेत, 30 मीटरचं डीईएम (दर 30 मीटरच्या चौकोनाला जमिनीची उंची देणारा अंकीय नकाशा) आहे, भूकंपापूर्वी तयार केलेला दरडप्रवणतेचा, म्हणजे कुठे दरड सुटू शकते हे दाखवणारा, नकाशाही आहे. पावसाळा दोन महिन्यांवर आला आहे. कोणत्या वस्त्या हलवायच्या, कोणता रस्ता आधी खुला करायचा आणि निवारा शिबिरं कुठे उभारायची हे सांगणारा नकाशा एवढ्यावर करता येईल का? की जुनाच नकाशा सुधारून घ्यावा?

नकाशा करता येईल, पण जुन्यावर डागडुजी करून नाही. तो बहुधा पावसाने पडलेल्या दरडींवर बेतलेला असेल, आणि पाऊस व भूकंप डोंगराला वेगवेगळ्या जागी धरतात. पावसाचं पाणी मुरून उताराच्या खालच्या भागात साठतं आणि ओढा पायथा पोखरतो, त्यामुळे पावसाळी दरडी उताराच्या तळाकडे, ओढ्याकाठी जास्त असतात. भूकंपाच्या लाटा मात्र डोंगराच्या अरुंद धारेपाशी एकवटतात आणि तिथलं हादरणं पायथ्यापेक्षा बरंच वाढतं. 1994 च्या कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज भूकंपात धारेलगत सुटलेल्या दरडींचं प्रमाण ठळकपणे दिसलं. जुन्या नकाशात ज्या जागा हिरव्या रंगवलेल्या असतात, त्यांतल्या कितीतरी जागा भूकंपानंतर सगळ्यात आधी तपासायला हव्यात.

आणखी एक सवय सोडावी लागेल: भूकंपकेंद्राभोवती वर्तुळं काढून धोक्याचे पट्टे ठरवण्याची. मोठ्या भूकंपात भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, एका बिंदूवर नव्हे, लांबच लांब पट्ट्यात फाटतो. 2008 च्या चीनमधील वेंचुआन भूकंपात (तीव्रता 7.9) ही फाट केंद्रापासून ईशान्येकडे दोनशे किलोमीटरहून पुढे गेली आणि दरडींचा पट्टाही तिच्याबरोबर तिकडे गेला. शिवाय जिथे एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढतो, तिथे चढलेल्या बाजूवर दरडी कितीतरी दाट असतात. वेंचुआनमध्ये हे दिसलं, 1999 च्या तैवानमधील ची-ची भूकंपातही दिसलं. म्हणून केंद्रापासूनचं अंतर वापरू नका. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्था भूकंपानंतर लगेच शेकमॅप (कुठे किती हादरलं याचा नकाशा) प्रसिद्ध करते. त्यातला जमिनीचा कमाल वेग किंवा कमाल त्वरण घ्या आणि भ्रंशाची बाजू नोंदवा. हीच संस्था 2018 पासून दरडी आणि द्रवीकरण (हादऱ्याने ओली जमीन द्रवासारखी होणं) यांचा स्वयंचलित अंदाजही देते. पहिल्या दिवशी कुठे पाहायचं हे ठरवायला तो उत्तम आहे. एखाद्या गावाचा निर्णय मात्र त्यावर घेऊ नये, कारण त्याचा हेतू तो नाही.

आता मोजदादीकडे येतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं. आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत झाडोरा कुठे नाहीसा झाला, माती-खडक कुठे उघडे पडले हे संगणकाला शोधता येतं. सेंटिनेल-2 या उपग्रहाची 10 मीटरची चित्रं फुकट मिळतात आणि मोठ्या दरडींना पुरतात. ढग असतील तर रडारकडे वळावं लागतं. 14 ऑगस्ट 2021 ला हैतीत भूकंप झाला आणि दोनच दिवसांत ग्रेस वादळ आलं. वर ढग दाटलेले असताना सेंटिनेल-1 च्या रडारचित्रांतूनच अनेक दरडींचा माग लागला. रडारला तीव्र उतारांच्या मागचं दिसत नाही, म्हणून उपग्रहाच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही फेऱ्यांची चित्रं घ्या. पण संगणकाने काढलेल्या रेषा आहेत तशा स्वीकारू नका. नांगरलेली शेतं, नवे रस्ते, नदीतली वाळू आणि डोंगराच्या सावल्या हे सगळं त्याला दरडीसारखंच भासतं. माणसाने बसून एकेक आकृती तपासण्याला पर्याय मला तरी अजून सापडलेला नाही.

रेखाटताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली म्हणजे दरड सुटली ती जागा आणि मलबा जिथवर गेला तो भाग या दोन्हींच्या आकृत्या वेगळ्या काढा. सगळं एकाच आकृतीत घातलं की प्रतिमान (या आकृत्यांवरून शिकून धोक्याच्या जागा सांगणारं संगणकाचं गणित) दरीचा सपाट तळसुद्धा ‘दरड सुटण्याजोगा’ म्हणून शिकतं आणि पुढचा नकाशा मुळातच बिघडतो. दुसरी गोष्ट म्हणजे भूकंपाआधीच्या दरडी ओळखून वेगळ्या ठेवा. त्यासाठी जुनं चित्र धक्क्याच्या शक्य तितकं जवळचं आणि त्याच ऋतूतलं हवं.

दरडींच्या संख्येवर फार विसंबू नका. वेंचुआनच्या दरडी एका गटाने साठ हजारांच्या आसपास मोजल्या, दुसऱ्या गटाने जवळपास दोन लाख. दोघांनीही डोंगर तोच पाहिला. फरक पडला तो चित्रांच्या बारकाव्याचा आणि सर्वांत लहान दरड केवढी धरायची याचा. क्षेत्रफळाची बेरीज मात्र लहान दरडी सुटल्या तरी एवढी हलत नाही, म्हणून तुलना करताना क्षेत्रफळ धरा. आणि जिथे ढगामुळे किंवा सावलीमुळे काही दिसलंच नाही, तो भाग नकाशावर तिरप्या रेषांनी भरा. तो कोरा सोडला तर वाचणारा ‘तिथे दरड नाही’ असंच समजेल.

यावरून दरडप्रवणता काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक सांख्यिकी: उतार, खडकाचा प्रकार, धारेपासूनचं अंतर, ओलावा, जमिनीचा वापर आणि हादऱ्याची तीव्रता यांचा दरडींशी मेळ घालायचा. दुसरा न्यूमार्कचा. नेथन न्यूमार्क यांनी 1965 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत उतारावरचा थर घसरणारा ठोकळा मानतात. हादऱ्याचं त्वरण ठरावीक मर्यादा ओलांडेल त्या त्या क्षणी तो थोडा सरकतो आणि ते सरकणं साठत जातं. मर्यादा काढायचं सूत्र सोपं आहे: स्थैर्यगुणांकातून (उतार धरून ठेवणारं बळ भागिले त्याला खाली ओढणारं बळ) 1 वजा करा, त्याला उताराच्या कोनाच्या साइनने आणि गुरुत्व त्वरणाने गुणा. स्थैर्यगुणांक 1.3 आणि उतार 30 अंश असेल तर मर्यादा 0.15 जी येते (जी म्हणजे गुरुत्व त्वरण). तोच गुणांक 1.1 वर घसरला की मर्यादा 0.05 जी, म्हणजे एक तृतीयांश. शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुख्य धक्क्याने भेगाळून मऊ झालेला उतार नंतरच्या किरकोळ धक्क्यानेही सरकू शकतो, तो यामुळे.

पण या आकड्यांना भुलू नका. नॉर्थरिजच्या दरडींशी ही पद्धत पडताळून पाहिली तेव्हा सर्वाधिक सरकणं दाखवणाऱ्या नकाशावरच्या चौकोनांतलेही फक्त एक तृतीयांशच्या आसपास प्रत्यक्ष कोसळलेले निघाले. याचा अर्थ पद्धत निकामी आहे असा नाही. मातीची ताकद, थराची जाडी, भूजल यांतलं बरंच काही आपल्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. 30 मीटरचं डीईएम तर उतारच सपाट करून दाखवतं. रस्त्यासाठी कापलेली दहा मीटरची उभी भिंत त्यात उमटतही नाही, आणि भूकंपात नेमक्या अशाच भिंती सर्वांत आधी ढासळतात. रस्त्यालगतच्या पट्ट्यासाठी ड्रोनने नवं डीईएम करून घ्या. सगळ्या जिल्ह्यासाठी ते जमणार नाही आणि त्याची गरजही नाही.

प्रतिमान तपासताना दरडी सरमिसळ करून अर्ध्या शिकवायला आणि अर्ध्या तपासायला ठेवण्याचा प्रघात आहे. त्याने निकाल फसवा चांगला येतो, कारण शेजारशेजारच्या दरडी जवळपास सारख्याच असतात. एक आख्खं खोरं बाजूला ठेवा, उरलेल्या खोऱ्यांवर शिकवा आणि मग त्या खोऱ्यात प्रतिमान काय सांगतं ते पाहा. आकडा खाली येईल, पण तुमच्या कामाला तोच खरा आहे.

खडकप्रकाराचा स्तंभ भरताना स्थानिक भूविज्ञान नीट वाचा. 6 सप्टेंबर 2018 ला जपानमध्ये होक्काइदोच्या पूर्व इबुरी भागात 6.6 तीव्रतेचा भूकंप झाला आणि आत्सुमाभोवतीच्या जंगलाने झाकलेल्या, फार तीव्र नसलेल्या टेकड्यांवर हजारो दरडी सुटल्या. कारण होतं जुन्या उद्रेकांतून पडलेले ज्वालामुखी राखेचे आणि प्युमिसचे (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे) थर. त्याच महिन्याच्या 28 तारखेला इंडोनेशियात पालूजवळ पाच अंशांहून कमी उताराची जमीन द्रवासारखी वाहिली आणि वस्त्या गिळून गेली. सिंचनामुळे तिथलं भूजल वर आलेलं होतं. फक्त तीव्र उतार लाल रंगवणाऱ्या नकाशात यांतली एकही जागा आली नसती.

इथवरच्या कामातून जे पडलं ते कळतं आणि साधारण कुठे पडू शकतं ते कळतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून यात नाही. पावसाळा तोंडावर असताना माणसं मरतात ती बहुधा दोन ठिकाणी: भेगाळूनही न पडलेल्या उताराखाली, आणि ज्या घळीत भूकंपाने मलबा भरून ठेवला आहे तिच्या मुखाशी. दोन्ही वेगळी शोधावी लागतात आणि माझ्या मते उरलेल्या वेळातला मोठा वाटा यांनाच द्यावा.

भेगा उपग्रहातून क्वचितच दिसतात. त्या धारेवर, पायवाटांवर, शेताच्या बांधांवर सापडतात आणि बहुतेक वेळा गुराख्यांना आणि गवत कापणाऱ्यांना तुमच्या आधी माहीत असतात. त्यांना बरोबर घेऊन चाला. सरळ, उथळ, लगेच बुजणारी भेग वेगळी, आणि धारेला समांतर कमानीसारखी वळलेली, खालची बाजू खचलेली भेग वेगळी. दुसरीचा अर्थ असा की आख्खा तुकडा सुटायला लागला आहे. अशा भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, टेपने अंतर मोजा, तारखेसह लिहून ठेवा आणि हे काम गावातल्याच एखाद्या माणसाकडे सोपवा. वेग वाढतोय असं दिसलं तर वेगाच्या व्यस्ताचा (1 भागिले वेग) कालाबरोबर आलेख काढा. ती रेषा शून्याकडे झुकू लागली की वस्ती रिकामी करायला उशीर करू नये. झरा अचानक गढूळ होणं, जुना झरा आटून खाली नवा फुटणं, शांत दिवशी दगड घरंगळू लागणं या खुणांचं मोल उपकरणांइतकंच आहे. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर जवळपास महिन्याने, 24 मे रोजी, बेनीच्या वरच्या बाजूला दरड कोसळून कालीगंडकी नदी अडली. आधी दगड पडू लागल्यामुळे लोक घरं सोडून गेले होते, म्हणून जीव वाचले.

घळींमधल्या मलब्याचं गणित निराळं आहे. भूकंपात सुटलेलं सगळं नदीपर्यंत पोहोचत नाही. बरंचसं अर्ध्या वाटेवर घळीत अडकून राहतं आणि जोराच्या पावसात माती-दगडांचा लोंढा होऊन निघतं. वेंचुआननंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट 2010 मध्ये, वेनजिया घळीतून आणि यिंगशिउजवळच्या घळींतून असेच लोंढे आले आणि पुनर्बांधणी केलेल्या भागांत घुसले. 20 ऑगस्ट 2019 ला, भूकंपाला अकरा वर्षं झाल्यावरही, त्याच परगण्यात पुन्हा मोठे लोंढे उतरले. म्हणून प्रत्येक घळीसाठी तीन गोष्टी काढा: वरच्या पाणलोटात भूकंपाने किती क्षेत्र सुटलं, त्यातलं किती प्रवाहमार्गाला भिडलेलं आहे, आणि घळीचा उतार केवढा आहे. एवढ्यावर घळींची क्रमवारी लागते. एकेका दरडीची अचूक जाडी मोजत बसण्यापेक्षा ही क्रमवारी लवकर हाती येणं जास्त उपयोगाचं आहे.

मग खाली किती दूरवर पोहोचेल हे पाहायचं. सुट्या दगडांसाठी पायथ्याच्या दगडराशीच्या माथ्यापासून साधारण 27 ते 28 अंशांची रेषा खाली टाका. ती जमिनीला जिथे टेकते त्याच्या पुढे दगड क्वचितच जातात. मोठ्या दरडी आणि लोंढे यांहून खूप कमी कोनात, म्हणजे खूप दूर, जातात. मधली टेकडी आडोसा देईल असं गृहीत धरू नका. पेरूमध्ये 1962 ला वास्करान पर्वतावरून आलेल्या बर्फ-दगडांच्या लोंढ्यापासून युंगाय शहर मधल्या डोंगरसोंडेमुळे वाचलं होतं. 31 मे 1970 च्या भूकंपात त्याच पर्वताचा त्याहून मोठा भाग सुटला, तीच सोंड ओलांडून आला आणि युंगाय गाडलं गेलं.

नदी अडवणाऱ्या दरडींची यादी मात्र आजच्या आज करा. तिला दोन महिने थांबता येणार नाही. अशा नैसर्गिक बांधांच्या नोंदी तपासल्या तर फुटलेल्यांपैकी जवळपास निम्मे दहा दिवसांत आणि 85 टक्के वर्षभरात फुटले. खालच्या बाजूला प्रवाह अचानक आटला असेल तर वर बांध पडला आहे असंच धरून चाला. वेंचुआन भूकंपाने तांगजियाशान इथे झालेल्या बांधातून 2008 मध्ये सांडवा खणून जूनमध्ये पाणी सोडलं गेलं आणि त्यासाठी खालच्या भागातून दोन लाखांहून अधिक लोक हलवले होते. पण वर्षभर टिकला म्हणजे बांध पक्का झाला असंही नाही. 2005 च्या काश्मीर भूकंपात हत्तियां बाला इथे तयार झालेला बांध फेब्रुवारी 2010 मध्ये, चार वर्षांनी, पावसानंतर फुटला.

एवढं झालं की जोखमीचा हिशेब मांडता येतो: दरड येण्याची शक्यता, ती घरापर्यंत पोहोचण्याची शक्यता, त्या वेळी माणूस तिथे असण्याची शक्यता आणि तो त्यात दगावण्याची शक्यता, या चारींचा गुणाकार. तिसऱ्या घटकाकडे सर्रास दुर्लक्ष होतं. शाळा दिवसाचे काही तास भरलेली असते, घर रात्रभर भरलेलं असतं आणि शिबिर जवळजवळ चोवीस तास. न्यूझीलंडमध्ये 22 फेब्रुवारी 2011 च्या क्राइस्टचर्च भूकंपानंतर पोर्ट हिल्समधल्या घरांसाठी असाच हिशेब केला गेला. वर्षाला दहा हजारात एक इतकी मृत्यूची जोखीम हा निर्णयाचा टप्पा धरला होता, आणि नंतरच्या धक्क्यांचं प्रमाण वर्षागणिक कसं ओसरेल तेही हिशेबात घेतलं होतं. तुमच्याकडे तेवढे आकडे नसतील. तरी चारही घटक ‘जास्त, मध्यम, कमी’ असे का होईना, वेगवेगळे लिहा. म्हणजे गावाला हलवायचं कारण विचारलं गेलं तर ते सांगता येईल.

नकाशावर तारीख आणि मुदत छापा. भूकंपानंतर उतार कमकुवत असतात, आणि तो काळ अनेक ठिकाणी एक ते चार वर्षांचा आढळला आहे, घळींत खूप मलबा असेल तर याहून लांब. या काळात नेहमीपेक्षा कमी पावसानेही दरडी येतात. जपानमध्ये जोरदार भूकंपानंतर दरडींच्या इशाऱ्याचा पावसाचा उंबरठा नेहमीच्या 70 ते 80 टक्क्यांवर आणतात आणि परिस्थिती पाहून हळूहळू पूर्ववत करतात. तुमच्या हवामान यंत्रणेशी आत्ताच बोलून अशीच तात्पुरती कपात करून घ्या. नकाशाइतकेच जीव हा एक निर्णय वाचवू शकतो.

रस्त्याचं सांगायचं तर, सर्वांत कमी मलबा पडलेला रस्ता आधी खुला करण्याचा मोह होतो. त्याऐवजी वरचे उतार कोणत्या रस्त्यावर कमी भेगाळलेले आहेत ते पाहा, नाहीतर पहिल्याच पावसात यंत्रं आणि माणसं अडकतात. न्यूझीलंडमध्ये 2016 च्या कायकोरा भूकंपानंतर किनाऱ्याचा मुख्य महामार्ग पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. मलबा उपसत असतानाही वरून दगड येतच होते.

शिबिरांसाठी लोक स्वाभाविकपणे सपाट जागा शोधतात, आणि डोंगरात सपाट जागा म्हणजे बहुधा घळीच्या मुखाशी पसरलेला गाळाचा पंखा किंवा नदीचा काठ. दोन्ही जुन्या लोंढ्यांनीच घडवलेले असतात. तंबू लावण्याआधी त्या जागेवर मोठे, कोनदार दगड पसरलेले आहेत का पाहा, ओढ्याच्या कापलेल्या काठात माती-दगडांचे एकावर एक बसलेले थर दिसतात का पाहा, आणि वरची घळ तुमच्या क्रमवारीत कुठे आहे ते तपासा. जागा मिळत नसेल तर शिबिर रुंद, बोथट माथ्याच्या सोंडेवर, कडेपासून आणि भेगांपासून दूर ठेवा, पाणी वर चढवायला लागलं तरी चालेल. मग पावसाळ्यातल्या पहिल्या जोराच्या सरीनंतर नवी चित्रं घेऊन नव्या दरडी वेगळ्या थरात नोंदवा, घळींची क्रमवारी पुन्हा लावा आणि आधीच्या नकाशाच्या सगळ्या प्रती परत मागवून नवी प्रत द्या.